अल्बमच्या सुरुवातीचा आवाज

जबाब देणार: बँडचा गायक, घरचे नाव धाकटू, वय २९ वर्षे, धंदा गाणे, राहणार सध्या हॉटेलात, कायमचा पत्ता आईचे घर.

मी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, काल पायऱ्यांवरून पडून जखमी झालेला इसम माझा सख्खा थोरला भाऊ आहे. आमचा बँड त्यानेच गॅरेजात उभा केला. ज्या अल्बममुळे लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतले, त्यातले सगळे ड्रम त्याने वाजवले आहेत. पहिल्या गाण्याआधी "एक, दोन, तीन, चार" असे ऐकू येते, तो आवाजही दादाचाच. अल्बम गाजल्यावर मॅनेजर म्हणाले, "टकल्या ड्रमर पोस्टरवर शोभत नाही." त्यांनी दादाला बँडमधून काढले व मी मूग गिळून बसलो. दादा म्हणाला, "तू गा रे. माझं काय अडलंय?"

काल संध्याकाळी स्टेडियममध्ये आमचा कार्यक्रम होता. दादाला मी बोलावले नव्हते. मॅनेजर व पत्रकारांसोबत मागच्या दाराने आत जाताना मला तो पायऱ्यांवर दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गार्डने अडवल्यावर तो सांगत होता, "अहो, ते आकडे माझ्या आवाजात आहेत." गार्ड हसला, तसे पत्रकारही हसले. गार्डने मला विचारले, "साहेब, हे तुमच्या ओळखीचे का?"

मी म्हणालो, "नाही. असे रोज येतात." बोलताना मी त्याच्या पायांकडे बघत होतो. पायात माझेच जुने बूट होते.

गार्डने त्याला बाजूला सारले. तो पडला व त्याचे मनगट मोडले. गार्ड माझ्या शब्दावर वागला, त्याला यात गोवू नये. मी थांबलो नाही. आत दिवे मंद झाले, स्पीकरवर दादाचा आवाज लागला आणि सगळे स्टेडियम त्याच्याबरोबर आकडे म्हणू लागले. चारनंतर मी गायलो. सूर जरासुद्धा हलला नाही, याची मला लाज वाटते.

"पाय घसरून पडलो, गायकाला मी ओळखत नाही," असे दादाने इस्पितळात सांगितल्याचे मला आत्ता इथे कळले. ते खरे नाही. त्याच्याइतके मला कोणीच ओळखत नाही.

हे सर्व हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. मी आलो तेव्हा त्यांनी सही घ्यायला आमचा अल्बम टेबलावर काढून ठेवला होता. सही त्यांनी फक्त या कागदावर घेतली.