सहाशे माणसांचा लोड

तुम्ही हसाल राव, पण त्या दिवशी आमची चांगलीच जिरली होती.

चाकणच्या एका सहाशे कामगारांच्या कारखान्यात आमचं नवीन सॉफ्टवेअर बसवायचं होतं. आधी ते तपासून बघायला टेस्ट सर्व्हर लागणार होता. मी वाकडच्या ऑफिसातून तिथल्या मेंटेनन्सच्या बबनदादांना फोन केला. म्हटलं, "दादा, सहाशे माणसांचा लोड घेईल असा सर्व्हर मागवतोय. जागा करून ठेवा."

चार दिवसांनी गेलो तर काय! खोलीत लोखंडी गर्डरचा भलामोठा चौथरा. दादांनी स्वतः वेल्डिंग केलेला.

"दादा, हे काय?"

"सहाशे माणसं, साठ-साठ किलोची. छत्तीस टन व्हत्यात, साहेब. टेबल कसं टिकंल?"

"अहो, माणसं सर्व्हरवर चढणार नाहीत! आपापल्या कॉम्प्युटरवरून वापरणार!"

दादा ओशाळले. मग डोकं खाजवत म्हणाले, "व्हय, पण सहाशे एकदम कशी वापरतील? आमच्याकडं तीन शिफ्ट हायेत. एका टायमाला दोनशेच असत्यात."

मी गारच पडलो. महिनाभर आकडेमोड केली आम्ही, आणि हे एकानंही विचारलं नव्हतं! ऑर्डर त्याच दुपारी जाणार होती. घाईघाईनं आमच्या साहेबांना फोन लावला. "सर, ऑर्डर थांबवा. आपण तिप्पट मोठा सर्व्हर मागवतोय!"

"काय? कुठल्या एक्स्पर्टनं सांगितलं?"

मी त्या चौथऱ्यावरच बसकण मारली होती. म्हटलं, "वेल्डरनं, सर."