हळदीच्या बोळातला पांढरा सदरा

न्हाई, पर मी म्हनतो, पांढराच का? जगात रंगांचा काय दुष्काळ पडला हुता व्हय? निळा हाय, खाकी हाय, गेला बाजार मळकट हाय... मळकट तर आमच्याकडं फुकटात मिळायचा! पर न्हाई. आमच्या हंबीरराव मास्तरानं टेबलावर छडी आपटली आन् म्हनला, "उद्या शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार. प्रत्येकानं पांढराशुभ्र सदरा घालून यायचं!" आन् हे कुणाला सांगितलं, तर हळदीच्या बोळातल्या पोरांस्नी! आवं, म्हशीला सांगा की उद्या जरा पांढरी हून ये. पर आमचं ऐकतंय कोण!

तुमास्नी सांगतो, आमचा बोळ सांगलीत. एका तोंडाला महावीर शेठचं हळदीचं गोदाम, दुसऱ्या तोंडाला शाळा, आन् मधी आमी. बाया गोदामात हळकुंडं निवडायच्या, बापे ती पिंपात भरून पिंप गरागरा फिरवायचे, हळकुंडं एकमेकांस्नी घासून गुळगुळीत व्हायची, आन् त्याचा जो धुरळा उडायचा... इचारूच नका! भिंती पिवळ्या, मांजरं पिवळी, चुलीवरचं दूध पिवळं. पाव्हणा दोन दिस ऱ्हाऊन परत गेला की गावात त्याला इचारायचे, "का वं, परत बोहल्यावर चढलासा का काय?" आन् चोरी करायची तर सोयच न्हाई! पेरू चोरला की फांदीवर पाच पिवळी बोटं. माळी काठी घिऊन थेट आमच्याच बोळात. दुसऱ्या बोळात चौकशीसुदीक करत न्हवता, गड्या! पर खरं सांगू? लय मजेत हुतो आमी. ढोपार फुटलं तर औषध आंगावरच. तिथंच जरा चोळायचं आन् परत पळायचं.

तर अशा बोळातला मी गुंडा. चौथीत. आन् दिवस लढाईचं, कापड रेशनवर, सदरा एकच. तोच शाळेला, तोच जत्रंला, तोच रात्री उशाला. तो कवातरी पांढरा हुता म्हनं. मी काय बघितला न्हाई.

आता तुमी म्हनशीला, न्हाई घातला पांढरा तर काय आभाळ कोसळणार हाय का? आवं, कोसळणार हुतं! आमचा बा आकाराम पिंप फिरवायचा. त्यानं आधीच सांगून ठिवलं हुतं, "हे बघ गुंडा, दिपोटीपुढं पास झालास तर म्होरं शाळा. न्हाई झालास तर सोमवारपासनं माझ्या जोडीला पिंपावर." आन् मास्तर म्हनतोय, "ज्याचा सदरा पांढरा नसेल त्याला मी साहेबांपुढे उभाच करणार नाही!" म्हंजी बघा हां हिशेब... सदरा न्हाई तर परीक्षा न्हाई, परीक्षा न्हाई तर शाळा न्हाई, शाळा न्हाई तर पिंप! आन् मला तर शाळा लय आवडायची वं. औटकीचा पाढा मी झोपंत म्हनायचो. एक औट औट, बे औट सात... साडेतिनाचा पाढा म्हननारं बोळात माझ्याबिगर एकबी पोरगं न्हवतं.

मास्तरानं वर उपायबी सांगितला. "तुमच्या आयांना सांगा, धुण्याचा सोडा टाका, साबण चोळा. सदरा बगळ्यासारखा होतोय का नाही बघा!"

आरारारा! साबण! आवं, हळदीला साबण न्हाईतर सोडा लागला की ती लाल हुती, हे आमच्या बोळात पाळण्यातल्या पोरालाबी ठावं. आमच्या बाया सदरं नदीवर न्यायच्या, नुसत्या पाण्यात आपटायच्या, आन् घाटाच्या दगडावर दोन दिस उन्हात टाकायच्या. ऊन हळद खातं. पर दोन दिस हुते कुठं? साहेब तर उंद्याच येणार!

मी घरी जाऊन आईला सांगितलं. माझी आई मनुबाई, हळद निवडून निवडून हाताच्या रेघासुदीक पिवळ्या झालेल्या. ती म्हनली, "न्हाई रं लेकरा, साबण न्हाई चालायचा." शेजारची अंबूबाई तर कडाडलीच, "मनू, मास्तर हाय म्हसवडकडचा! तकडं प्यायला पाणी न्हाई, त्येला धुण्यातलं काय डोंबल कळतंय?"

बरोबर बोलली का न्हाई? शंभर टक्के बरोबर! पर मी ऐकंन तर ना! मी भोकाड पसरलं, उंबऱ्यात लोळण घितली, "गुरुजींनी सांगितलंय! गुरुजींनी सांगितलंय!" आन् आई... काय सांगू तुमास्नी, ती माऊली सोताच्या हाताकडं बघितली, मग माझ्याकडं बघितली, आन् म्हनली, "आसंल बाबा. शिकल्याला माणूस हाय. आपल्यापरास त्याला जास्त कळत आसंल." आन् घरोघरी हेच! जन्म हळदीत गेलेल्या बाया, पर बत्तीस घरांत बत्तीस बादल्यांत सोडा पडला! एक चिमूट जास्तच पडला, अंबूबाईनंबी टाकला. आन् आणखी एक शहाणपण केलं, सदरं खळबळून काढलं न्हाईत. सोडा आत ऱ्हाऊ दे म्हनं, पांढरेपणा मुरंल!

मुरला, वं मुरला! सकाळी बोळात आलो तर... बत्तीस पोरं, बत्तीस सदरं, सगळी लालेलाल! कुणी कुंकवागत, कुणी विटंगत. मधीच ठिपकं, मधीच ओघळ. जयपाल नावाचं पोरगं तर पाठीकडनं आसं दिसत हुतं की त्याला नुकतंच कुणीतरी सोललंय.

मास्तर दारात हुबा. आमास्नी बघून त्यानं आधी डोळं पुसलं, मग चष्मा पुसला, आन् मग कपाळ धरून बसलाच. "काय केलंत रे हे?" आमी म्हनलं, "गुरुजी, तुमी सांगितलं तेच." आता पांढऱ्याची अट मोडावी तर लागणारच, न्हाईतर साहेबापुढं हुबा कुणाला करायचा? रिकाम्या भिंतीला? तेवढ्यात भाईर सायकलीची घंटी!

दिपोटीसाहेब आलं. बारीक, गोरं, काळी टोपी, हातात वही. आत पाऊल टाकलं आन् तिथंच थबकलं. सगळ्यांवरनं नजर फिरवली आन् हळूच म्हनलं, "मास्तर... मुलांना इतकं मारता?"

मास्तर बिचारा, "न-नाही साहेब, ते... म्हंजी... हात लावत न्हाई मी!" भियापोटी पुस्तकी भाषा सुटली आन् म्हसवड तोंडातनं भाईर आलं!

मग साहेबानं माझ्याकडं बोट केलं. "तू. औटकी म्हण." मी हुबा ऱ्हायलो. एक औट औट... बे औट सात... त्रिक औट साडेधा... धाडधाड सात औट साडेचोवीसपतोर गेलो, आन् साहेब पाढा ऐकायचं सोडून माझ्या छातीकडं बघाय लागलं. "थांब. सगळा सदरा लाल, आणि खिसा तेवढा पिवळा कसा?"

गेलं! खिशात चिंच हुती, भिजलेली, मीठ लावलेली! शाळेत चिंच आणली तर दोन छड्या. आता बोंबला! पर खोटं बोलायला सुचंना, म्हनून खरंच बोललो. "साहेब, हळद हाय. साबणानं लाल हुती. चिंच लागली की परत पिवळी हुती." साहेब म्हनलं, "काढ सदरा." काढला. चिंच चोळली... पिवळं! साबणाचा तुकडा मागवला, चोळला... लाल! साहेबाचं डोळं ह्ये एवढं! "पुन्हा कर!" परत चिंच, परत साबण. आवं, पाच येळा! साहेब लहान पोरागत टेबलावर वाकून बघतोय, मी उघडा, आन् औटकी तिथंच साडेचोवीसवर अडकलेली. म्होरलं तीनच ऱ्हायलं हुतं वं! पर आमचं ऐकतंय कोण!

मग साहेबानं इचारलं, "बाळ, हे तुला कुणी शिकवलं?"

आईचं नाव पार जिभेवर आलं हुतं. पर साहेबाच्या पाठीमागं मास्तर हुबा हुता... छडीचा मास्तर, आन् हात जोडून! डोळ्यांत पाणी. साबण लावायला त्यानंच सांगितलं हे फुटलं आसतं तर त्याची नोकरी गेली आसती का न्हाई ते देवाला ठावं, पर त्याला वाटत हुतं, गेलीच. मी म्हनलं, "मास्तरांनी."

पास! बोळात पहिला पास मी! आन् साहेबानं वहीत शेरा मारला, "हंबीरराव माने मुलांना प्रत्यक्ष प्रयोगातून शास्त्र शिकवतात. कौतुकास्पद."

घरी आलो, आईला समदं सांगितलं. शेवटी खाली मान घालून म्हनलं, "आई, तुजं नाव घ्यायला पायजे हुतं गं." ती हळदीच्या हातानं माझं तोंड कुरवाळत म्हनली, "म्होरं शाळंत जाणार न्हवं तू? मग नाव कुणाचं का हुईना!" त्या सांजंला बानं मला खांद्यावर घिऊन आख्खा बोळ फिरवला, आन् दिसंल त्याला सांगितलं, "पोरगं पिंपावर येत न्हाई आता!" मला आजबी आठवलं की लय ग्वाड वाटतं बघा.

आता तुमी म्हनशीला, झालं की मग, गुंडा, तक्रार कसली? आवं, खरी तक्रार हितनंच म्होरं! तो शेरा वरच्या साहेबानं वाचला. त्यानं त्याच्या वरच्या साहेबाला सांगितलं. दर म्हैन्याला कुणीतरी साहेब सांगलीला यायचा, आन् मी पाचवीत, दुसऱ्या शाळंत, पर मास्तर तिथवर धापा टाकत यायचा, "गुंडा, चल रं बाबा, सदरा काढ!" मी म्हनायचो, गुरुजी, आज गणिताचा पेपर हाय... पर आमचं ऐकतंय कोण! मी आपला उघडा, हाताची घडी घालून कोपऱ्यात, आन् सदरा टेबलावर... साबण, चिंच, साबण, चिंच! साहेब म्हनायचे, "वा, वा!" आन् तिकडं गणिताचा पेपर कोरा.

व्हायचं तेच झालं वं. पाचवीला मी बसलो नापास... आन् सदरा मात्र सात साहेबांपुढं सातबी येळा पास!