बाई, एवढं लिहून द्या

लग्नपत्रिका नाहीये हो ती, बाई — पाकीट दिसलं की सगळ्यांना लग्नच कसं आठवतं? — फॉर्म आहे. दोनच पानं. बसा ना तुम्ही, पाणीबिणी काही नको मला. मी तुमच्या बालवाडीत होते, बावीस वर्षांपूर्वी, घंटा झाली की कान दाबून किंचाळणारी — हां, तीच! बघा, मला माहीत होतं तुम्हाला आठवणार. तर डॉक्टर म्हणतात, मला ऑटिझम आहे. जन्मापासूनचा. म्हणजे जवळजवळ नक्की म्हणतात, पण कागदावर तसं लिहायला त्यांना मी सहा वर्षांची व्हायच्या आत मला पाहिलेलं माणूस हवंय — मोठेपणी मी सगळं लपवायला शिकले ना, म्हणून. वाटत नाही? वाटणारच नाही. मी बोलते, हसते, कॉलेज केलं — पण हे आत्ता तुमच्याशी बोलतेय ना, ते घरी आरशासमोर पाच वेळा बोलून आलेय. 'बसा ना तुम्ही' हेसुद्धा.

आईला विचारलं की! अठरा प्रश्न, अठरा वेळा 'नाही'. शिवाय खाली शेरा, 'शांत, गुणी मुलगी'. माझं लग्न व्हायचंय अजून, तिच्या हातून असला कागद कसा जाईल! तुम्हा मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं — लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही. माफ करा. तुम्हाला नाही म्हणाले. म्हणजे — जाऊ दे. कागद नोकरीसाठी हवाय. औषधाच्या खोक्यात ती घडी घातलेली चिठ्ठी असते ना, बारीक अक्षरातली, ती छापायच्या आधी मी तपासते. एक शून्य जास्त पडलं तर माणूस जायचा. तीन वर्षांत माझी एक चूक नाही, विचारा कुणालाही. आता त्यांनी मधल्या भिंती पाडून सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलंय — चाळीस माणसं, चाळीस फोन, कुणी पेन वाजवतंय, कुणी पाय. गेल्या आठवड्यात मी जिन्याखाली सापडले साहेबांना, भिंतीवर डोकं आपटताना. ते म्हणाले, वेगळी खोली देतो, पण डॉक्टरचा कागद आणा सोमवारपर्यंत, नाहीतर राजीनामा. आज शनिवार आहे, बाई.

म्हणून लिहा. हा सातवा प्रश्न — मोठ्या आवाजाला मूल काय करायचं? लिहा, किंचाळायची, खडूंच्या कपाटात कोंडावं लागायचं. का थांबलात? अहो, मी तक्रार घेऊन नाही आले! बरं, कपाट नका लिहू, 'बाजूला बसवावं लागायचं' लिहा. मला राग नाहीये. खरंच. उलट — तो अंधार, खडूंचा वास, कुणी हात लावत नाही, कुणी 'माझ्याकडे बघून बोल' म्हणत नाही — अख्ख्या लहानपणात तेवढी एकच जागा होती बरी. तुम्ही कडी लावलीत की मी आत हसायचे. नंतर नंतर तर घंटा नसली तरी ओरडायचे, तुम्ही कोंडावं म्हणून —

नाही. तसं नाही. आधी खरंच सहन व्हायचं नाही, ते मुद्दाम वगैरे खूप नंतर — हे मी घरी बोलून पाहिलं नव्हतं, असंच आलं तोंडातून, हे धरू नका. काय लिहिताय? इतका वेळ हात हलत नव्हता तुमचा. दाखवा. 'मुद्दाम ओरडत असे.' एवढंच? आणि लगेच सही? खोडा ते. बाई, खोडा! मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे — हे लिहा ना, निदान हे तरी लिहा! सूनबाईंना कशाला हाक मारताय? मी काय करणार आहे तुम्हाला? — नाही, सूनबाई, तुम्ही हात नका लावू मला. सोडा. सोडा म्हटलं ना! उठलेय मी. दार मला उघडता येतं.