आत्या आणि फोर बाय फोर

यार, आमच्या आत्यासमोर फोर बाय फोरचं नाव काढू नका. माझ्या साखरपुड्याला बोरिवलीहून गोराईला निघालो होतो, माझ्या मित्राच्या, संत्याच्या नव्या पिकअपमधून. "या गाडीला रस्ता लागतच नाही," म्हणत त्या येड्याने मुद्दाम खाडीकाठची वाट धरली आणि गाडी चिखलात रुतली. चारही चाकांना जोर देणारं ते फोर बाय फोर लावलं, तर मागच्या चाकांसोबत पुढचीही खाली गेली.

आम्ही सगळे उतरलो. पुढच्या सीटवरची आत्या म्हणाली, "मी उतरूचंय नाय. नवी पैठणी आसा."

"अगं आत्या, वजन कमी करायला हवं ना!"

"मग ते पेढे उतरव."

तासभर ढकललं, गाडी हलेना. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, काहीही होवो, आज साखरपुडा चुकवणार नाही. मुलीकडे कमी पडतील म्हणून मंडळाच्या सतरंज्या घेतल्या होत्या, त्या चाकांखाली कोंबल्या. संत्या स्टिअरिंगवर बसला, बाकी सगळ्यांनी खांदा लावला आणि गाडी उसळून बाहेर आली.

"संत्या, थांबू नकोस! थांबलास तर परत रुतेल!" मीच ओरडलो.

संत्याने ऐकलं. तो थेट मुलीच्या दारात जाऊन थांबला.

आम्ही गुडघाभर चिखलाने माखून चालत पोचलो, तेव्हा आत्याला ओवाळून झालं होतं, ओटी भरून झाली होती, दुसरा चहा चालला होता.

मला बघून म्हणाली, "इतको उशीर? सगळे विचारत होते, नवरो खंय. मी सांगितलंय, येतलो, गाडी ढकलता हा."