मीटर आपोआप सांगते म्हने

मी हबीब, कुरखेड्याचा. वडील तिथीच सायकली दुरुस्त करत. मी दहावीच्या पुढं काही गेलो नाई, मंग एका ठेकेदाराकडे लाईटच्या मीटरचं रीडिंग घ्याचं काम भेटलं, आन काय सांगू तुम्हाले, सोळा वर्षं तेच केलं. नाल्याले पूर असला तं गाडी अलीकडं ठेवून पायी जायचो. गावातले कुत्रे बी मले ओळखत. बिल जास्त आलं का लोक मलेच धरत, पन पानी दिल्याबिगर कोनी सोडलं नाई.

मंग ते स्मार्ट मीटर आले. लोक बसवू देईनात. म्हनत, जुना काय बिघडला, आम्हाले विचारलं कोनी? तवा ठेकेदाराच्या साहेबानं मले बोलावलं, म्हने हबीब, तुले लोक मानतात, तू आमच्या पोरायसोबत फिर, सांग का याच्यात गावाचाच फायदा हाय, लाईन गेली का मीटर आपोआप हापिसात कळवते, कोनाले चकरा माराची गरज नाई. मी म्हनलं, साहेब, मंग माझं काम? म्हने तुले हापिसात घेऊ. मी फिरलो भाऊ, घरोघर तेच सांगत फिरलो.

एका गावात सुगंधाबाई राह्यते, सत्तरीची, एकटी. ती दारात उभी राह्यली, मी नाई लावू देत म्हने. मंग माह्याकडं पाह्यलं. तू म्हनून राह्यला ना हबीब, मंग लावा.

दोन महिन्यात माझं काम बंद. हापिसात घेतो म्हननारा साहेब फोनच उचलेना. ते जाऊ द्या, पोटाचं मानूस पाहून घेते, मी बिछायतीच्या, मंडप-खुर्च्या भाड्यानं देनाऱ्या दुकानात लागलो. पन पुढचं ऐका.

वादळ आलं, झाडं पडली. आठ दिवसानं मी त्याच गावात लग्नाचा मंडप सोडाले गेलो. बाकी गावात लाईन आलती, सुगंधाबाईच्याच घरी अंधार, खांबावरची वायर तुटून अंगनात लोंबत होती, आन ती बाई त्या वायरच्या बाजूनंच पान्याले जाऊन राह्यली होती. मी म्हनलं, बाई, कोनाले सांगतलं काऊन नाई?

ती म्हने, तूच तं सांगतलं होतं, मीटर आपोआप सांगते. मी वाट पाहून राह्यली.

माझी मान वर होईना भाऊ.

तसाच लाईटच्या हापिसात गेलो. तिथला साहेब कम्प्युटरमंदी पाहून म्हने, तक्रारच नाई. मी म्हनलं तक्रार तं मीटर करते ना. तो म्हने, तिथी रेंज नसन. रेंज नसन म्हने! अरे, तलावाच्या पारीवर, बांधावर चढल्याबिगर तिथी रेंज येत नाई हे शेंबड्या पोराले माहीत हाय, तुम्हाले बसवाच्या आधी माहीत नव्हतं? मंग फिरनारी मानसं काढली काऊन? मी कागदावर तक्रार लिहिली, शिक्का घेतला, तवा संध्याकाळी लाईनमन येऊन वायर जोडून गेला.

पुढं त्याच गावच्या ग्रामसभेत साहेब लोक फायदे सांगाले आले, आन लोक मानतात म्हनून त्यायनं मलेच उभं केलं, बोल म्हने. मी बोललो. म्हनलं, तुमच्या दारात येऊन मी जे सांगतलं ते ऐकीव होतं, मले सोताले माहीत नव्हतं, माफ करा. ज्यायचे मीटर बाकी हायेत त्यायनं आधी लिहून घ्या का लाईन गेली तं कोन येईन, किती दिवसात येईन. साहेब म्हने हे राजकारन हाय. असन. पन लिहून कोनी देल्लं नाई, आन त्या दिवशी नवीन मीटरची खोकी गाडीत परत गेली.

मशीनचा काय दोष, सांगा. सुगंधाबाईच्या घरी तोच मीटर हाय, चालून राह्यला. मले राग याचा येते का यायनं माझं तोंड वापरलं, सोळा वर्षांची वळख वापरली, आन काम झाल्यावर मले आन सुगंधाबाईले, दोघायले बी विसरले. अजून रस्त्यात लोक मले थांबवतात, बिल वाचून दे म्हनतात, मी देतो. सुगंधाबाईनं तं परवा जेवाले बसवलं. खुदा साऱ्यायच्या घरी उजेड ठेवो, आन माह्या शब्दावर ज्यायनं दार उघडलं त्यायच्या घरी आधी.