उभ्या गाडीचा परवाना

टेकड्यांवरच्या कच्च्या वाटांवर गाडी न्यायची तर दरवर्षी परवाना काढावा लागतो. त्या रांगेत माझ्यापुढे चिखलाचे बूट घातलेली एक तरुणी होती आणि तिच्यापुढे एक आजी.

“आजी, रांग चुकली नाही ना? इथे फक्त टेकडीवरच्या गाड्यांचे परवाने मिळतात.”

“तोच काढायचाय गं. आमच्या ह्यांच्या मोटरसायकलचा.”

“ते नाही आले?”

“ते गेले, तीन वर्षं झाली. त्याच टेकडीवरून गाडीसकट घळीत पडले.”

“अरे देवा! मग गाडी आता कोण चालवतं?”

“कोणी नाही. अंगणात झाकून ठेवलीय.”

“मग परवान्याचे पैसे उगाच कशाला घालवता?”

“उगाच कसे? यातूनच तिथल्या रखवालदारांचा पगार निघतो. त्यांच्यातल्याच एकाने ह्यांना पाठीवर घेऊन वर आणलं. दोन तास चढत होता बिचारा.”

“आणि तरीही...”

“लगेच नाही गं. दवाखान्यात अकरा दिवस होते, अगदी शुद्धीवर. जन्मभर घुम्यासारखा राहिलेला माणूस, अकरा दिवस नुसता बोलत होता. मी पहिल्यांदा गाडीवर मागे बसले, तेव्हा घाबरून ह्यांच्या शर्टाचा खिसा फाडला होता. तेसुद्धा आठवत होतं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तो शर्ट मी टाकला नाही. माळ्यावरच्या पेटीत आहे, बघ जाऊन.”

“होता?”

“होता ना! खिसा तसाच लोंबत होता.”

“मग शिवलात?”

“वेडी का काय! शिवेन कशाला?”