उकिडवं न बसणारा तुळशीराम

मंडळी, निरूपण झालं, आता जरा पुढं सरकून बसा. आख्यानाला हात घालायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्यानं दिलंत तर शेजारचा भांडायला उठायचा! एका माणसानं दुसऱ्याला जखम केली. कोर्टानं त्याला तुरुंगात घातलं. रास्तच केलं! आता आत गेल्यावर त्या माणसालाच जखम झाली. तिला फडकं बांधायचं — का ‘भोग लेका’ म्हणून सोडून द्यायचं? हां! बघितलं मी! दोघा-तिघांच्या माना ‘भोग लेका’वर हलल्या. हलू द्या. आधी गोष्ट ऐका.

तुळशीराम खोमणे नावाचा एक गृहस्थ होता. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. हाताला कला, पण राग नाकाच्या शेंड्यावर! गावची जत्रा भरली आणि पहिला नारळ फोडायचा मान कुणाचा, यावरून चुलतभाऊ जालिंदराशी त्याची जुंपली. तू मोठा का मी मोठा! देव आत नारळाची वाट बघतोय आणि हे दोघं पायरीवर एकमेकांचं खानदान काढतायत! तुळशीरामाचं डोकं फिरलं. देवाला फोडायचा नारळ त्यानं जालिंदराच्या तोंडावर हाणला! — हसू नका, बाबांनो. जालिंदराचा उजवा डोळा गेला, कायमचा गेला.

सात वर्षांची सक्तमजुरी झाली. कोर्टात तुळशीराम ‘मी नाही त्यातला’ म्हणाला नाही. खाली मान घालून ‘चुकलो’ म्हणाला आणि गाडीत बसला. या गोष्टीत त्याला मी निर्दोष ठरवणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

तुरुंगात एक रीत असते — गिनती! सकाळी बराक उघडली की एकदा, संध्याकाळी बंद व्हायच्या आधी एकदा. कैद्यांनी दोन-दोनच्या जोडीनं ओळीत उकिडवं बसायचं आणि शिपायानं जोड्या मोजत जायचं. मधेच एक जण उभा राहिला की मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली की शिपायाचा पारा चढतो.

तिसऱ्या वर्षी काय झालं? सुतारखान्यात काम करताना तुळशीरामाच्या तळपायात खिळा घुसला. केवढा? एवढासा! पण त्याच्या रक्तात साखर झालेली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि कुणी तपासलंही नव्हतं. जखम भरेना. गेला दवाखान्यात. तिथं कोण? कंपाउंडर! डॉक्टर यायचे गुरुवारी, तासभर, आणि रांग दीडशे जणांची. कंपाउंडर मोठा समदर्शी माणूस हो! डोकं दुखतंय? पांढरी गोळी. पोट दुखतंय? पांढरी गोळी. घरची आठवण येते? तीच गोळी, पण अर्धी! तुळशीरामाला पिवळं मलम लावलं, गोळी दिली आणि वहीत लिहिलं — ‘तक्रार नाही’. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

पाय सुजला. घोट्यापर्यंत काळानिळा पडला. उकिडवं बसायला गेलं की डोळ्यांपुढं अंधारी! एका सकाळी गिनतीला सगळे बसले आणि हा भिंतीला धरून उभा.

“ए खोमणे! खाली बस!”

“बसता येईना साहेब. पाय सुजलाय.”

“ढोंग करतोस? लिहा रे याचं नाव!”

नाव लिहिलं. शिक्षा काय? महिनाभर मुलाखत बंद! बायको भेटायला आली तरी भेट नाही. असं एकदा नाही, दोनदा नाही — अकरा वेळा नाव लिहिलं! आणि तुळशीराम? गप्प! का गप्प? त्याच्या मनानं घेतलं होतं, की मी जालिंदराचा डोळा घेतला, आता देव माझा पाय घेतोय. बरोबरच आहे.

मंडळी, इथं मला राग येतो बघा! अहो, मलम लावून हात झटकणार कंपाउंडर, तपासणार नाही डॉक्टर, आणि नाव कुणाचं घ्यायचं? देवाचं! देवाला दुसरी कामं नाहीत का हो? माणसाची हयगय पांडुरंगाच्या माथी मारायची, ही सवय आपल्या सगळ्यांना आहे.

आता त्याची बायको, सोनाबाई. दोन एसट्या बदलून यायची. तिसऱ्या खेपेला फाटकावरच्या शिपायानं पुन्हा सांगितलं, “मुलाखत बंद. तुझा नवरा गिनतीला बसत नाही, उभा राहतो.”

“कोण? आमचं मालक? उभं राहत्यात?” सोनाबाई बघतच राहिली. “अवो दादा, पाट असू द्या न्हाईतर वसरी, दिसली जागा की बसला त्यो माणूस! लग्नात अंतरपाट धरला तवा बी ‘बसू का’ म्हणून इचारत होता!”

शिपाई हसला. पण सोनाबाई हसली नाही. पिशवीतल्या भाकऱ्या तिनं तशाच गुंडाळल्या आणि म्हणाली, “बसत नसंल न्हवं, त्येला बसता येत नसंल.”

ऐकलंत का? रोज दोनदा डोळ्यांनी बघणाऱ्या वीस जणांना जे दिसलं नाही, ते त्या माउलीला फाटकाबाहेर उभं राहून कळलं! ती तडक जिल्हा कोर्टात गेली. तिथं गरिबांना फुकट वकील मिळतो. वकील मिळाली रेवती कुलथे नावाची — पोरसवदा, पण जिद्दीची. ती तुरुंगात जाऊन तुळशीरामाचा पाय बघून आली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “सोनाबाई, पंधरा दिवसांत काही केलं नाही तर हा पाय गुडघ्यापासून काढावा लागेल.” आणि तिनं हायकोर्टात अर्ज टाकला, कैद्याच्या नावानं, तुरुंगाविरुद्ध!

मग काय! दुसऱ्याच दिवशी जेलरनं तुळशीरामाला बोलावलं. आज आवाज एकदम मऊ. “खोमणे, बस. नाही नाही, खुर्चीवर बस! हे बघ, ‘माझी काही तक्रार नाही’ एवढ्यावर सही कर. रविवारी बायकोची भेट सुरू. तीन महिने झाले ना तिला बघून?”

तीन महिने सोळा दिवस झाले होते. तुळशीरामाच्या हातात पेन आलं. एका बाजूला पाय, एका बाजूला सोनाबाईचं तोंड. आणि मनात ते जुनं — भोग लेका! तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! मी तर सही केली असती बुवा. त्यानंही पेन टेकवलं होतं कागदावर. पण त्याच्या मनात आलं, की ही बाई माझ्या पायासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतेय, आणि मी तिला ‘पाय दुखतच नाही’ असं लिहून देऊ? त्यानं पेन खाली ठेवलं. “नको साहेब. तिला खोटं पाडणार नाही मी.”

सुनावणीचा दिवस आला. तुळशीराम तुरुंगातूनच, व्हिडिओच्या पडद्यावरून हजर. सरकारी वकील ऐटीत उठले. “महाराज, हा कैदी बेशिस्त आहे! हे दवाखान्याचं रजिस्टर बघा — तक्रार नाही, तक्रार नाही, तक्रार नाही! आणि हे शिक्षेचं रजिस्टर — गिनतीला बसण्यास नकार, अकरा वेळा!” स्वतःच्या हातानं दोन्ही वह्या दिल्या की हो!

न्यायमूर्तींनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. चष्मा पुसला. एका वहीवर बोट, दुसऱ्या वहीवर बोट.

“वकीलसाहेब, बारा तारखेला दवाखाना म्हणतो, तक्रार नाही. आणि त्याच बारा तारखेला शिक्षेच्या वहीत तुमचा शिपाई लिहितो, ‘पाय सुजल्याचे ढोंग करून उभा राहिला’. एकोणीस तारखेला पुन्हा — ‘सुजेचे ढोंग’. सव्वीसला — ‘सूज वाढल्याचे ढोंग’. मला सांगा, ढोंगानं सूज वाढते का?”

अहो, ज्याला छळायला वही लिहिली, त्याच वहीनं त्याचा आजार दिवसावारी मांडून ठेवला होता! दवाखान्यानं लिहिलं नाही, ते शिपायानं लिहिलं. छळायला गेला आणि साक्षीदार होऊन बसला!

न्यायमूर्तींनी पडद्याकडं बघितलं. “खोमणे, काही म्हणायचंय?”

तुळशीरामानं हात जोडले. “साहेब, मी एकाचा डोळा घेतला. माझी शिक्षा मी पुरी भोगीन, एक दिवस कमी मागत नाही. पण तुम्ही मला सात वर्षं दिली होती. पाय काढायची शिक्षा दिली नव्हती.”

झालं! हुकूम सुटला — आजच्या आज सरकारी रुग्णालयात हलवा. अकराच्या अकरा शिक्षा रद्द! तुरुंगात डॉक्टर रोज पाहिजे, आणि प्रत्येक कैद्याची साखर तपासा. विठ्ठल विठ्ठल! वाजवा, पखवाज वाजवा जरा!

पायाची दोन बोटं गेली, मंडळी. पण पाय वाचला! सोनाबाई रुग्णालयात आली, पोलीस दारात बसलेला. तिनं चादर बाजूला केली, पट्टी बांधलेला पाय दोन्ही हातांनी धरला, आणि तीन महिन्यांचं जे काही साठलं होतं ते तिथं मोकळं झालं. रडता रडता म्हणाली, “हाय की वो पाय! हाय की जागच्या जागी!” आणि तुळशीराम इतक्या दिवसांनी पोटभर हसला. दारातल्या पोलिसानंही तोंड फिरवून डोळे पुसले. त्या दिवशी तुळशीराम जेवून शांत झोपला.

छान वाटलं ना? सुटकेचा श्वास सोडलात ना सगळ्यांनी? मीही सोडला. पण आता माझ्याकडं बघा. तुमच्या घरात तुरुंग नाही, शिपाई नाही. पण म्हातारी म्हणते गुडघा दुखतो, तर आपण काय म्हणतो? ‘हिचं रोजचंच आहे!’ सून म्हणते पाठ धरलीय, तर? ‘कामाचा कंटाळा!’ शेतावरचा गडी दोन दिवस आला नाही, तर? ‘नाटकं करतो!’ ढोंग म्हणून नाव लिहून घेणारे शिपाई आपणच आहोत, बाबांनो! वही तेवढी नाही आपल्याकडं.

तेव्हा पांडुरंगाच्या साक्षीनं एकच मागणं मागतो, आणि ही सेवा त्याच्या पायी ठेवतो. आज घरी गेलात की ज्याचं रडगाणं ऐकून तुम्हाला वीट आलाय ना, त्याच्याजवळ बसा. ‘कुठं दुखतंय’ म्हणून विचारा. आणि सांगून पुरं होईपर्यंत उठू नका.